अर्जांच्या गावाची चौकशी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. ते मंठ्याच्या अलीकडं आहे की पलीकडं, आष्टीपासून किती लांब, हेही सांगणार नाही. सांगितलं तर आठ दिवसांत माझ्यावर अर्ज होईल. जालना जिल्ह्यात ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना एवढ्यावरूनच गाव कळलं असेल. बाकीच्यांनी कुठलंही एक धरून चालावं.

तर त्या गावातल्या महाविद्यालयात मला ग्रंथपाल म्हणून नेमणूक मिळाली. कायम नेमणूक. त्याआधी अकरा वर्षं मी जालन्यात ग्रंथपालच होते, पण दर जूनमध्ये नव्यानं. उन्हाळ्यात मला कमी करायचे आणि जूनमध्ये मी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत, नवीन उमेदवार म्हणून रुजू व्हायचे. स्वतःचा चार्ज स्वतःकडून घेण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आता अडतीस पूर्ण व्हायला चार महिने राहिले होते आणि अडतीसनंतर मी वयात बसणार नव्हते. म्हणजे हे पत्र पहिलं होतं आणि शेवटचंही. पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं त्यात लिहिलं होतं. ती पुढची उमेदवार कोण हे मला माहीत नव्हतं, बाई आहे की पुरुष हेही नाही, पण त्या दिवसापासून एक बाई बॅग भरून स्टँडवर बसली आहे असं मला दिसायला लागलं. मला तिचा फार राग यायचा.

जालन्यातल्या मस्तगड भागात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच राहायचो, अण्णा आणि मी. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. भाऊ पुण्याला. पत्र आलं त्या दुपारी मी ते अण्णांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. माझं नाव वाचलं नाही, पद वाचलं नाही, सरळ गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि चष्मा काढला.

"हे गाव?"

"हो."

"न्हाई."

"काय न्हाई?"

"गाव चांगलं न्हाई."

आता अण्णांचं हे मत ऐकीव नव्हतं. त्यांची तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. जिल्ह्यातून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्यापुढं यायचा, शिक्का खायचा आणि मग साहेबांकडं जायचा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं बाकी सगळ्या जिल्ह्याचं टपाल एकीकडं आणि त्या एका गावचं दुसरीकडं. तिथले लोक ग्रामसेवकावर अर्ज करत, डॉक्टरवर करत, लाइनमनवर करत, कंडक्टरवर करत. एका गृहस्थानं तर स्वतःच्याच आधीच्या अर्जाविरुद्ध अर्ज केला होता, त्यात मुद्दा नीट मांडला गेला नव्हता म्हणून. "तिथल्या माणसांचं अक्षर मी ओळखतो," अण्णा म्हणाले. "लई वळणदार. सराव हाय न."

मावशीला मी काही सांगितलं नव्हतं. मावशी आमच्या मागच्या गल्लीत राहते आणि तिला बातमी सांगावी लागत नाही. ती शेंगा सोलायचं ताट घेऊनच आली.

"तिथं? अगं माय, तिथं माझ्या चपला गेल्या!"

प्रकरण पस्तीस वर्षांपूर्वीचं होतं. मावशी त्या गावी एका लग्नाला गेली होती. मांडवाबाहेर काढलेल्या तिच्या कोऱ्या चपला परत मिळाल्या नाहीत आणि सासरच्या सगळ्या मंडळींसमोर तिला अनवाणी बसमध्ये चढावं लागलं. "अन् त्या जागी दुसऱ्या तरी ठेवल्या का? तर न्हाई. चांगल्या गावात निदान जुन्या सोडून जातात." त्या लग्नात निम्मं वऱ्हाड मस्तगडचं होतं, तेव्हा चोर आपल्या गल्लीतलाही असू शकतो, असं मी सुचवून पाहिलं. मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप शेंगा सोलायला घेतल्या.

खाली दुकान आहे त्या सेठजींचे पणजोबा राजस्थानातून आलेले. सेठजी जन्मानं आणि कर्मानं जालन्याचे, फक्त बोलताना मधेच हिंदीत जातात आणि परत येतात. त्यांनी कापड मोजता मोजता निकाल दिला. "बेटा, गाव बुरा न्हाई. पण तिथलं गिऱ्हाईक कपडा फाडल्यावर भाव करतं. बिलकुल फाडल्यावर. आता बोल!"

भावानं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. त्यानं ते गाव उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पण तिथल्या बसस्टँडला लोकांनी किती तारे दिलेत ते फोनवर पाहून ठेवलं होतं.

"दोन आहेत ताई. पाचपैकी दोन. आणि एकानं लिहिलंय, इथं येऊ नका."

"मग तो कशाला गेला होता?"

"हे बघ, तू भावनेच्या भरात काही ठरवू नकोस." पुण्याला गेल्यापासून तो असाच बोलतो.

तुम्ही म्हणाल, जालन्यात राहून जा-ये कर. आमच्याकडं त्याला अप-डाउन म्हणतात आणि निम्मा जिल्हा तेच करतो. सकाळी डबा घेऊन बस पकडायची, मुक्कामाला जालना. पण त्या गावात अप-डाउन चालत नाही. तिथल्या बहुतेक अर्जांचा विषयच तो. अण्णांना मजकूर तोंडपाठ होता आणि ते तो दिवसातून दोनदा म्हणून दाखवत होते: "सदर कर्मचारी मुख्यालयी राहत नसून दररोज जालना येथून ये-जा करीत असल्याने जनतेची अतोनात गैरसोय होत आहे." तेव्हा जायचं तर राहायलाच जायचं. खोली करून, भांडी घेऊन, एकटीनं.

आणि मला जायचं होतं. फार जायचं होतं. नोकरी तर हवीच होती, पण "एकटीनं" हा शब्द मनात आला की त्याहूनही बरं वाटायचं आणि मग लाज वाटायची. मी सोडून आत कुणीच नाही अशा घराच्या कुलपाला मी आजवर किल्ली लावली नव्हती. आमच्या घरी जेवण साडेसातला आणि बातम्या सव्वाआठला, यात देशात काहीही घडलं तरी बदल झाला नाही. मला एकदा तरी जेवणाऐवजी नुसता चिवडा खाऊन बघायचा होता. पण अण्णा नाही म्हणत असताना पिशवी उचलून निघण्याइतकी माझी छाती नव्हती. अडतीस वर्षांची बाई आणि वडिलांना भिते, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. भीत होते.

चौथ्या दिवशी अण्णा म्हणाले, "मी चौकशी करून येतो."

अण्णांची चौकशी आमच्या नात्यात प्रसिद्ध आहे. कुणाकडं सोयरीक जमत आली की अण्णांना पाठवतात. त्यांची पद्धत ठरलेली. ज्या घराची माहिती हवी त्या घरी पाऊल टाकायचं नाही. आधी जवळच्या हॉटेलात चहा घ्यायचा. मग पिठाच्या गिरणीवर जायचं, कारण कुणाकडं किती माणसं जेवतात आणि ज्वारी जास्त जाते की गहू, हे गिरणीवाल्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. शेवटी कटिंगच्या दुकानात बसायचं, कारण तिथं गिऱ्हाइकालाही घाई नसते आणि मालकालाही. थेट काही विचारायचं नाही. "काय, इकडची मंडळी कशी काय?" एवढं म्हणायचं आणि गप्प राहायचं. समोरचा आपोआप बोलतो.

या पद्धतीनं त्यांनी नात्यातली कितीतरी लग्नं पार पाडून दिली. माझ्या वेळी मात्र दर चौकशीतून काहीतरी निघालं. आई गेली त्या वर्षी मी सव्वीसची होते. त्यानंतर चार-पाच चांगली स्थळं आली. एक मुलगा म्हणे फार हसतो. एकाच्या घरचं दळण माणसांच्या मानानं कमी. परभणीच्या एकाचं सगळं बरोबर होतं, तर त्याच्या गल्लीत कुत्री फार. मावशी भांडली, भांडून दमली, आणि मग स्थळं यायचीच थांबली. मला त्याचं दुःख होतं असं मी म्हणणार नाही. राग होता, आणि तो मी पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांवर काढत आले. तर चौकशी म्हटल्यावर मला कळून चुकलं की आता या गावातही कुत्री निघणार.

अण्णा सकाळच्या बसनं गेले आणि संध्याकाळच्या बसनं परत आले. डोकं इतकं बारीक कापलेलं की दार उघडल्यावर मी क्षणभर ओळखलंच नाही. हातात दोन किलो पिठाची पिशवी. गिरणीवर रिकाम्या हातानं किती वेळ उभं राहायचं, म्हणून विकत घेतलेलं.

"काय कळलं?"

"चहा पाच झाले."

"अन् गाव?"

अण्णा खुर्चीत बसले आणि त्यांनी कॉलरमधले केस झटकले. "काही समजून न्हाई राह्यलं. सगळे चांगलंच सांगून राह्यले."

हॉटेलवाला म्हणाला होता, इकडची माणसं म्हणजे सोनं. गिरणीवाला म्हणाला, भांडण कसं असतं ते आम्हाला फक्त टीव्हीवर दिसतं. कटिंगवाल्यानं तर यादीच दिली: व्यसन नाही, वर तोंड करून बोलणं नाही, शब्दाला पक्के, बाईमाणसाला मान. अण्णा चक्रावून गेले होते. ज्या गावच्या अर्जांवर शिक्के मारून त्यांचा अंगठा झिजला त्या गावात दिवसभर फिरून एक तक्रारखोर भेटू नये? वाईट काही सापडलं नाही म्हणून त्यांना नाही म्हणता येईना आणि ऐकलेल्यावर विश्वास बसत नव्हता म्हणून हो म्हणवेना. "काहीतरी लपवून राह्यले," ते म्हणाले. "बघू." आणि पंधरातले सहा दिवस तसेच गेले, मग सातवा, मग आठवा. स्टँडवरची ती बाई आता उठून फलाटावर उभी राहिली होती.

नवव्या दिवशी रविवार होता. मी सकाळी भाजी घेऊन येत होते. अंगावर विटका ड्रेस, केसांना चपचपीत तेल. दुकानापुढं एक पांढरी जीप उभी होती. सेठजी गल्ल्यावरून हात हलवत म्हणाले, "बेटा, जल्दी वर जा. मेहमान आलेत. मिठाईचा डबा बी हाय त्यांच्याकडं."

वर बाहेरच्या खोलीत चौघं जण बसले होते. पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक आजी, गळ्यात रुमाल टाकलेले दोघं पुरुष आणि शर्टाच्या खिशात कंगवा असलेला एक बारीकसा माणूस. अण्णा मात्र उभेच होते, बसायला कुणी सांगितलं नसल्यासारखे. मी सरळ स्वयंपाकघरात गेले, तर तिथं मावशी. पोहे भिजवून झाले होते.

"साडी नेस," ती कुजबुजली.

"कोण आहेत?"

"मला काय म्हाईत! पण बघायला आलेत, एवढं समजतं मला. नेस आधी."

मी साडी नेसले नाही. एवढा बाणेदारपणा दाखवला आणि पुढच्याच मिनिटाला पोह्यांचा ट्रे हातात धरून बाहेर गेले. तो ट्रे मी का घेतला ते मला अजून कळलेलं नाही. हातात दिला की घेतला जातो.

"ये माय, बस. उभी कामून?" आजी म्हणाल्या. मी बसले. "वाचायची लई आवड म्हणे तुला."

"हो."

"अन् भाकरी बी पातळ करती. अन् आजारपणात बापाची इतकी सेवा केली म्हणे, की लेक आसावी तर अशी. अन् खोटं बोलत न्हाई, भले समोरच्याला राग आला तरी."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा पंख्याकडं बघत होते. भाकरी पातळ झाली असं या माणसानं मला आजवर कधी म्हटलं नव्हतं. जाड झाली असंही म्हटलं नव्हतं. ते जेवायचे आणि उठायचे.

कंगवेवाला पुढं सरकला. "ताई, मला वळखलं न्हाई तुम्ही. कसं वळखणार म्हणा! काकांची कटिंग मीच केलती. पुरे तीन तास बसले व्हते माझ्याकडं. कटिंग झाली, दाढी झाली, तरी उठनात. तवाच मी म्हणलं, हे लेकीचं स्थळ बघायला आल्ते. चौकशी काय आम्हाला कळत न्हाई? आधी हाटेल, मंग गिरणी, मंग आमचं दुकान. सगळे त्याच रस्त्यानं येतात."

मग त्यानं सगळं सांगितलं. या आजींचा पुतण्या चाळिशीचा, खत-बियाण्याचं दुकान, लग्नाचं राहून गेलेलं. अण्णांची पाठ वळताच हा त्यांच्याकडं गेला. काकांनी लेकीचं केलेलं कौतुक त्यांना ऐकवलं, पत्ता तर अण्णांनीच बोलता बोलता दिला होता. आता ही मंडळी उलटी चौकशी करायला आली होती. खाली सेठजींकडं अर्धा तास बसून, दोन चादरी घेऊन मगच वर आली होती.

मला हसू फुटत होतं, ते मी दाबलं. "आजी," मी म्हणाले, "घोटाळा झालाय. मला तुमच्या गावात नोकरी लागली आहे. अण्णा स्थळाची चौकशी करत नव्हते. गावाची करत होते."

"गावाची?" आजींनी अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं. "गावाची कशी चौकशी करतात? गाव काय नवरदेव हाय?"

दोघा रुमालवाल्यांपैकी एक जण पोहे खायचा थांबला, दुसरा नाही. अण्णा पहिल्यांदाच बोलले. "म्हणजे तुम्ही जे सगळं चांगलं सांगितलं, ते..."

"सोयरिकीचं समजून सांगितलं काका," कंगवेवाला म्हणाला. "सोयरिकीत कोणी वाईट सांगतं का? लेकीबाळीचं काम आसतं. पाप लागतं."

तीस वर्षं चौकशा करणाऱ्या माणसाला हे आज कळत होतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी जमवलेली ती सगळी लग्नं बहुतेक त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत.

"मंग खरं काय?" त्यांनी विचारलं.

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "खरं म्हंजे," थांबलेला रुमालवाला म्हणाला, "आम्ही अर्ज करतो."

"किती?"

"लागतील तेवढे. दवाखान्याला डॉक्टर अर्जानं मिळाला. शाळेचं छत अर्जानं झालं. संध्याकाळची बस बी अर्जानं चालू झाली. न्हाई तर त्या दिवशी तुम्ही जालन्याला कशात बसून आल्ते?"

अण्णा त्याच बसनं आले होते. "गावात मुक्कामी राहणाऱ्या माणसावर आम्ही अर्ज करत न्हाई," रुमालवाल्यानं खुलासा केला, आणि मग प्रामाणिकपणानं पुढं म्हणाला, "म्हंजे करतो, पण कमी."

मला गाव आवडलं. तिथल्या तिथं आवडलं. वाईट नाव असलेल्या गावची चार माणसं माझ्या घरी येऊन इतकं खरं बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

आजींचं मन मात्र अजून पोरीतच होतं. "पोरगी तर लाखात एक दिसून राह्यली. मंग लग्न कामून राह्यलं हिचं?"

"ते मी इचारलं व्हतं की," कंगवेवाला म्हणाला.

"राहू द्या ते," अण्णा घाईघाईनं म्हणाले.

पण गिऱ्हाइकांशी बोलण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस असा मधेच थांबत नसतो. "काका म्हणले, पोरीत काहीच खोट न्हाई. दर स्थळात खोट मीच काढली. ती गेली आसती तर घरात मी एकटा उरलो आसतो, म्हणून काढली. अन् डोळ्यात पाणी आलं काकांच्या. मला वाटलं, साबण गेला आसंल."

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मला राग आला. कान तापले इतका आला. परभणीच्या त्या मुलाचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न केला, आणि तो काही केल्या आठवेना, म्हणून आणखी आला. तो मुलगा मला आवडला होता असंही नाही. पण त्याच्या गल्लीत कुत्री नव्हती, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. बारा वर्षं ही गोष्ट अण्णांच्या मनात होती आणि ती त्यांनी मला सांगितली नाही, परगावच्या एका अनोळखी माणसाला सांगितली, तीही फेस लावलेल्या तोंडानं.

मंडळी निघाली. मिठाईचा डबा मी परत द्यायला गेले तर आजींनी हात मागं घेतला. "ठेव माय. परत नेला तर सगळं गाव इचारत बसंल." जिन्यात थांबून त्या वळल्या. "अन् येशील तवा चांगली पुस्तकं मागव. आता हाय ती सगळी फाटकी. त्याच्यावर बी अर्ज दिलाय आमच्या पोरींनी."

त्यानंतर तीन दिवस मी अण्णांशी बोलले नाही. जे बोलायचं ते मावशीमार्फत: "मावशी, त्यांना सांग चहा झाला." मावशी घरी नसली तर भिंतीला सांगायचे. अण्णाही भिंतीलाच "बरं" म्हणायचे. भाऊ फोन करून विचारायचा, काय ठरलं, आणि आम्ही दोघंही फोन एकमेकांकडं सरकवायचो. अण्णांनी त्या दिवसांत माफी मागितली नाही आणि बातम्या लावल्या नाहीत. आमच्या घरी टीव्ही बंद असलेला मी आई गेली तेव्हा पाहिला होता, त्यानंतर आत्ताच.

चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्यासमोर येऊन बसले. हातात वर्तमानपत्र होतं पण ते उलगडलेलं नव्हतं.

"मी बी येतो तिकडं," ते म्हणाले.

मी पुस्तकातून मान वर केली.

"शाळेच्या मागं दोन खोल्या आहेत. तळमजला हाय. पाणी रोज येतं. मी गेल्तो तवाच बघून ठेवल्या." ते अडखळले, मग एका दमात म्हणाले, "लेकीच्या घरी राहू न्हाई म्हणतात, ते मला म्हाईत हाय. पण तुझं लग्न झालेलं न्हाई. म्हणजे ते घर लेकीचं धरत न्हाईत. मी बराबर विचार केलाय."

मी हसले. चार दिवसांत पहिल्यांदा, आणि चांगलं खळखळून हसले. ज्या माणसानं माझं लग्न होऊ दिलं नाही, तोच त्या न झालेल्या लग्नाची सवलत मागत होता. अण्णाही थोडेसे हसले. त्यांना वाटलं, जमलं.

मला तिथंच थांबता आलं असतं. दोन खोल्या, रोजचं पाणी, साडेसातला जेवण. कुणी मला नाव ठेवलं नसतं, उलट लेक असावी तर अशी, असं आणखी एका गावानं म्हटलं असतं. अण्णांचं कापलेलं डोकं मला दिसत होतं, कानामागं राहून गेलेला पांढऱ्या केसांचा एक पुंजका दिसत होता, आणि मला त्यांची इतकी माया आली की माझा निश्चय पातळ व्हायला लागला.

"न्हाई अण्णा," मी म्हणाले. "मी एकटी जाणार."

त्यांचं हसू गेलं.

"मला एकदा एकटीनं राहून बघायचंय. तुमचा राग आलाय म्हणून न्हाई. राग आलाय, पण म्हणून न्हाई. गाव चांगलं आहे का वाईट, ते माझं मी बघीन."

खालून सेठजींचा कापड फाडल्याचा आवाज आला. अण्णांनी न उघडलेल्या वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली, मग आणखी एक.

"बराबर हाय," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

मला वाटलं, पडायला गेले. पुस्तक समोर धरून मी बसून राहिले, अक्षर लागत नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज आला. फळीवरून काहीतरी खाली काढल्याचा, मग कशाचं तरी झाकण जमिनीवर गोल गोल फिरत गेल्याचा. मी उठले नाही. थोड्या वेळानं अण्णा दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या एका हातात कुकर होता आणि दुसऱ्या हातात त्याचं झाकण. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कुकर हातात धरलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी तो उलटा धरला होता.

"वरणाला शिट्ट्या किती?" त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्यांनीही न दिसल्यासारखं केलं नाही.

"चार," मी म्हणाले. "पण आधी पाणी, अण्णा. आधी पाणी घालायचं असतं."